‘मिटले’ हा शेरा मागे घेण्याबाबत

अर्जदार : मधुकर तुकाराम भोईटे, वय चोपन्न, धंदा अर्जलेखन, बैठक कल्याण, सरकारी कचेरीच्या फाटकासमोर, उजव्या हाताचे तिसरे टेबल.

सामनेवाले : वरीलप्रमाणेच.

घटनेचे दिवस : गेल्या वर्षी गणपती उठल्यानंतरचा पहिला सोमवार, दुपारी बाराच्या सुमारास, आणि त्याच आठवड्यातला गुरुवार, संध्याकाळी, टेबल आवरताना.

साक्षीदार : एक, कुसुम अनंत देवधर, बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका, राहणार पूर्वी डोंबिवली पूर्व, सध्या खोपट, ठाणे. दोन, सुमन बाबू गायकवाड, चहाची टपरी, टेबलापासून चार पावलांवर. तीन, निळ्या पुठ्ठ्याची एक दोनशे पानी वही.

माननीय वाचक, वर नमूद केलेला अर्जदार आपणांस सविनय सादर करतो की, त्याचे शिक्षण नववीपर्यंत झाले आहे. वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी हाताखाली होतो तो बंद पडला, तेव्हा मी मराठी टंकलेखन शिकलो आणि या फाटकासमोर येऊन बसलो. त्यावेळी टेबलावर टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि बॅटरीवर चालणारा प्रिंटर आहे. एवढीच माझी नोकरीची हकीकत. बढतीचा प्रश्न उद्भवला नाही.

मात्र माझ्या मसुद्यांबद्दल मला संकोच नाही. पदवी घेतलेले तरुण वकील माझ्या अर्जातली ‘सबब सदरची विनंती’पासूनची परिच्छेदरचना जशीच्या तशी उचलतात, हे मी पाहिले आहे. मी त्यांना हटकत नाही.

आमच्या कामाविषयी बाहेर गैरसमज आहे. लोकांना वाटते की गिऱ्हाईक सांगते आणि आम्ही लिहितो. प्रत्यक्षात माणूस तासभर बोलतो आणि कागदावर पंधरा ओळी उतरतात. कोणत्या पंधरा, हे ठरवायला कोणताही कायदा नाही, पुस्तक नाही. समोर रांग असते, ऊन टेबलावर सरकत असते, आणि ठरवायला मिळतात चार मिनिटे. एवढ्या वेळात विचार होत नाही. नियम लागतात. माझे नियम माझे मीच केले आहेत आणि ते थोडे आहेत.

पहिला नियम मुदतीचा. दाखला असो, नोटिशीचे उत्तर असो की हरकत, पहिला प्रश्न एकच : शेवटची तारीख कोणती? माणूस नाव सांगायच्या आधी मी हे विचारतो.

दुसरा नियम पिशवीचा. ज्याचे सगळे कागद झेरॉक्ससह, नंबर घालून, फाइलमध्ये लावलेले आहेत, तो माझ्या आधी दोघांकडे जाऊन आलेला असतो आणि त्या दोघांशी भांडलेला असतो. त्याला मी नम्रपणे वकिलांकडे पाठवतो. साडीच्या दुकानाच्या पिशवीतून जो मूळ शिधापत्रिका आणि दोन वर्षांपूर्वीचे वीजबिल काढतो, त्याचे काम हमखास होते.

तिसरा नियम मला सर्वांत प्रिय आहे. माणूस बसल्याबरोबर जे सांगतो ती त्याची तक्रार नसते. खुर्चीतून उठताना, पिशवी खांद्याला लावता लावता जे बोलतो, ती असते. पाणी येत नाही म्हणून अर्ज लिहून घेणारे गृहस्थ उठताना म्हणतात, “आणि वरच्या मजल्यावर येतं बरं का.” मग मी त्यांना पुन्हा बसवतो आणि अर्ज नव्याने लिहितो.

चौथा नियम तीन दिवसांचा. या अर्जाचा विषय तोच आहे.

तो कसा तयार झाला ते सांगतो. मी नवा होतो तेव्हा कल्याणचेच एक म्हातारे गृहस्थ सुनेविरुद्ध तक्रार लिहून घ्यायला आले. मला हात दाखवायची हौस होती. ‘अमानुष’ आणि ‘असह्य’ हे दोन्ही शब्द मी एकाच वाक्यात बसवले. अर्ज गेला, त्यावर आवक शिक्का बसला, सुनेला चौकशीला बोलावणे आले. दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ, चप्पल न घालता, माझ्या टेबलासमोर उभे. “तेवढा कागद परत काढून द्या हो. तिनं काल रात्री मला इन्सुलिन दिलं. तिच्याशिवाय कोणाला देता येत नाही.” आवक शिक्का बसलेला कागद परत येत नसतो. त्याचे पुढे काय झाले ते मला ठाऊक आहे आणि ते चांगले नाही.

त्या दिवसापासून घरातल्या माणसाविरुद्ध घरातल्या माणसाचा अर्ज मी त्याच दिवशी लिहिणे बंद केले. नाव, वार आणि एका ओळीत कारण निळ्या वहीत लिहायचे आणि सांगायचे, तीन दिवसांनी या, तोवर हेच मनात राहिले तर लिहून देतो. सोमवारचा माणूस गुरुवारी, मंगळवारचा शुक्रवारी. आला तर अर्ज. नाही आला तर त्याच्या नावापुढे मी लाल शाईने लिहीत असे : ‘मिटले’.

बहुतेक लोक परत येत नसत. वहीत पानामागून पान लाल होत गेले आणि मला त्या लाल रंगाचा अभिमान वाटत गेला. कोर्टात वर्षानुवर्षे न सुटणारी भांडणे मी एक शब्दही न लिहिता सोडवतो, असे मी दोन समारंभांत बोलूनही दाखवले आहे.

नियम खोटा होता असे नाही. शीळफाट्याजवळच्या एका गावचे पाटील आले होते. पूर्वी त्यांची भातशेती, आता त्या शेतात वीस मजले उभे आहेत. गळ्यात साखळी, हातात तीन फोन. बसले आणि म्हणाले, “लेखक, लिव. भावावर तक्रार.”

“काय केलं भावानं?”

“पुतन्याची हलद हाय. चौकान बॅनर लावलाय ह्याएवडा. सगल्यांचे फोटो हायेत. मामाचा हाय, मावश्यांचे नवऱ्यांचे हायेत, त्याचे कुत्र्याचा पन हाय. माजा नाय.”

“चुकून राहिला असेल.”

“मना फोटोची हौस नाय. पन मी थोरला हाय. कुत्रा हाय आनि मी नाय, मंग मी कोन?”

प्रश्न योग्य होता, पण मी तीन दिवस सांगितले. पाटील तणतणत गेले. तिसऱ्या दिवशी एकाच गाडीतून दोघे भाऊ उतरले. नवा बॅनर लागला होता आणि त्यात थोरल्यांचा फोटो नवरदेवाहून मोठा होता. धाकटा म्हणाला, “छापनाऱ्याची चूक झाली, लेखक.” थोरला म्हणाला, “छापनाऱ्याची नाय, यो खोटा बोलतंय. पन आता जाऊं दे.” मग मला म्हणाले, “हलदीला ये. नाय आलास तं तुज्यावर अर्ज करीन, आनि तो तूच लिवशील.” मी गेलो. जेवण उत्तम होते. परत येऊन मी वहीत ‘मिटले’ लिहिले.

आता त्या सोमवारविषयी.

कुसुमताई देवधर बाराच्या सुमारास आल्या. वय सत्तरीच्या पुढे, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी ती रुमालाने पुसली. मी मनात नोंद केली : डोंबिवली, शिक्षिका, घरगुती. तिन्ही अंदाज बरोबर होते. बरोबर आलेला अंदाज माणसाला पुढचे ऐकू देत नाही, हे मी आता लिहितो आहे, तेव्हा मला ठाऊक नव्हते.

“बोला ताई.”

“सुनेनं देव बाल्कनीत नेऊन ठेवलेत,” त्या म्हणाल्या. “वॉशिंग मशीनच्या शेजारी. मी काही बोलले नाही. मग मुलगा म्हणाला, आई, तू प्रत्येक गोष्टीला विरोधच करतेस. मी तर बोललेच नव्हते. आणि सध्या घरात कागदांवरूनही कुरबुर चालली आहे.”

मी ‘देव’ ऐकले, ‘सून’ ऐकले, ‘कुरबुर’ ऐकले. आयुष्य कागदावर काढलेल्या माणसाला ‘कागद’ हा शब्द ऐकू आला नाही. समोर चौघे उभे होते आणि माझा हात वहीकडे गेलेला होता.

“ताई, घरातलं आहे. मी असं लगेच लिहीत नाही. तीन दिवस जाऊ द्या. गुरुवारी या, तेव्हाही हेच वाटलं तर उत्तम अर्ज करून देईन.”

त्यांनी रुमाल घडी करून पिशवीत ठेवला. मग उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाल्या, “बुधवारच्या आत झालं असतं तर बरं होतं.”

“गुरुवारी या,” मी म्हणालो.

वाचकांच्या लक्षात आले असेल की माझा तिसरा नियम त्या क्षणी माझ्यासमोर उभा होता आणि पहिलाही त्याच्या शेजारीच होता. दोन्ही मी ओलांडले, कारण चौथा आधीच लागू झाला होता.

सुमनबाईंची टपरी चार पावलांवर आहे. कपात चहा ओतता ओतता त्यांना टेबलावरचे सगळे ऐकू येते. कुसुमताई गेल्यावर त्या म्हणाल्या, “लेखकसाहेब, त्या बाई बुधवार म्हणत होत्या.”

“ऐकलं मी.”

“मग गुरुवार कशाला दिलात?”

“सुमनबाई, तुम्ही चहा बघा. साखर जास्त झालीय आज.”

“साखर रोजच्याएवढीच आहे,” त्या म्हणाल्या.

गुरुवारी कुसुमताई आल्या नाहीत. संध्याकाळी टेबल आवरताना मी वही उघडली. ‘सोमवार. कु. अ. देवधर. सून, देवघर, किरकोळ.’ त्यापुढे लाल शाईने शेरा लिहिला आणि निश्चिंत मनाने घरी गेलो.

सात-आठ महिन्यांनी, उन्हाळ्यात, त्या पुन्हा आल्या. मी ओळखले नाही. त्यांना रहिवासी दाखल्याचा अर्ज करायचा होता. पहिल्या नियमाप्रमाणे मी मुदत विचारली, मग नाव, मग म्हणालो, “पत्ता काय लिहू?”

“तेच विचारायला आले,” त्या म्हणाल्या.

हकीकत त्यांनी सरळ सांगितली, आवाज न चढवता. डोंबिवलीची जागा त्यांच्या नावावर होती, यजमानांनी घेतलेली. इमारत पाडून नवी बांधायचे ठरले. मुलगा प्रशांत म्हणाला, जागा माझ्या नावावर करून दे म्हणजे तुला या वयात बिल्डरकडे हेलपाटे पडणार नाहीत. बक्षीसपत्राची नोंदणी बुधवारी ठरली होती. त्यांची सही करायला ना नव्हती. त्यांना फक्त एक ओळ हवी होती, की हयात असेपर्यंत मी या घरात राहीन आणि माझा सांभाळ होईल. मुलाला तोंडाने सांगणे त्यांना जमत नव्हते. म्हणून त्यांना कोणाकडून तरी ते लिहून हवे होते, कागद त्याच्या हातात दिला असता.

“तुम्ही गुरुवार म्हणालात,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, तुम्ही एवढे जाणते, तुम्हाला यात काही वावगं दिसत नसेल. म्हणून बुधवारी सही केली.”

इमारत पाडली. नवी होईपर्यंत प्रशांतने भाड्याची जागा घेतली, ती लहान निघाली. ताई थोडे दिवस म्हणून खोपटला धाकट्या बहिणीकडे गेल्या आणि ते थोडे दिवस अजून चालू आहेत. नव्या घराच्या नकाशावर प्रशांतने मुलांची खोली आणि कामाची खोली आखून घेतली आहे. बहिणीचे घर बहिणीच्या मुलाचे आहे. तोही आता विचारतो, मावशी, तुमच्या नव्या बिल्डिंगचं कुठवर आलं.

बाहेरच्या माणसासाठी समजावून सांगतो. आईवडिलांनी सांभाळाच्या अटीवर मुलाला काही दिले आणि मुलाने सांभाळले नाही, तर प्रांत अधिकाऱ्यांकडे अर्ज करून ते बक्षीस रद्द करून मागता येते. पण अट दिसावी लागते. ताईंना हवी असलेली एक ओळ म्हणजे ती अट. मी ती ओळ शेकडो वेळा टाइप केली आहे. मला पाहून टाइप करावी लागत नाही.

त्या दिवशी मी रांगेतल्या सर्वांना दुसऱ्या टेबलाकडे पाठवले आणि प्रांत अधिकाऱ्यांकडे करायचा अर्ज लिहायला बसलो. माझ्या आजवरच्या अर्जांत तो सर्वोत्तम आहे. त्यात एकही विशेषण नाही.

सुनावणीला मी गेलो. अधिकारी मॅडम शांतपणे ऐकून घेणाऱ्या होत्या. प्रशांत इस्त्रीच्या शर्टात, आईच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. वाईट माणसासारखा तो दिसत नव्हता. मधे एकदा आईची पाण्याची बाटली घरंगळली ती त्याने उचलून झाकण घट्ट करून दिली.

“आईनं राजीखुशीनं दिलं, मॅडम,” तो म्हणाला. “अट वगैरे काही बोलणं झालंच नव्हतं. हे आत्ता कोणीतरी डोक्यात भरवलंय.”

मॅडमनी ताईंना विचारले, “सही करण्यापूर्वी ही अट तुम्ही कोणाला सांगितली होती का? लेखी काही आहे?”

लेखी काही नव्हते. होती ती माझी वही. त्या सोमवारी ताई नोंदणीआधी दोन दिवस कोणाकडे तरी गेल्या होत्या, याचा जगातला एकमेव कागद. मी उभा राहिलो, परवानगी मागितली आणि वही पुढे केली. इतक्या वर्षांत प्रथमच माझे अक्षर पुरावा म्हणून दाखल होत होते. खरे सांगायचे तर चालत टेबलापर्यंत जाताना मला थोडा अभिमानही वाटला.

मॅडमनी वाचले आणि वही प्रशांतकडे सरकवली. त्यानेही वाचले. मग बोट ठेवून म्हणाला, “मॅडम, हे यांचंच अक्षर आहे ना? ‘सून, देवघर, किरकोळ.’ आणि पुढे लाल शाईत काय लिहिलंय बघा. ‘मिटले.’ मिटलेलंच होतं. मी तरी वेगळं काय म्हणतोय?”

मॅडम मला म्हणाल्या, “हा शेरा तुम्ही कधी लिहिलात?”

“गुरुवारी संध्याकाळी.”

“यांना विचारून?”

“नाही.”

“मग कशावरून?”

“त्या आल्या नाहीत यावरून.”

त्यांनी पेन खाली ठेवले. “म्हणजे अंदाजानं.”

“होय, मॅडम.”

“आणि ही बाकीची पानं?”

त्यांनी पाने उलटून पाहिली. सगळी लाल होती.

त्या पानाची झेरॉक्स दाखल करून घेऊन त्यांनी वही परत दिली. मी तेथेच लेखी जबाब दिला की सदर शेरा निराधार असून तो अर्जदार बाईंच्या म्हणण्याचा भाग समजू नये. तसेच त्या दिवशी त्यांनी बुधवारचा उल्लेख केला होता आणि तो ऐकणारी साक्षीदार हजर करता येईल. पुढच्या तारखेला सुमनबाईंनी टपरी बंद ठेवून साक्ष दिली. “बाई बुधवार म्हणाल्या आणि हे गुरुवार म्हणाले,” एवढेच त्या म्हणाल्या. प्रशांतने विचारले, “बुधवारी काय आहे ते आई बोलली का?” सुमनबाई म्हणाल्या, “ते यांनी विचारायला पाहिजे होतं, यांनी विचारलं नाही.” निकाल राखून ठेवला आहे.

वही दाखवली त्या दिवशी बाहेर आल्यावर ताई टपरीच्या बाकावर बसल्या. मी माफी मागण्यासाठी मसुदा मनात जुळवत होतो. त्यांनी मला तेवढा वेळ दिला नाही.

“भोईटे,” त्या म्हणाल्या, “बालवाडीत मी रोज हजेरी घ्यायचे. मूल आलं नाही की ‘गैरहजर’ लिहायचे. ‘बरं आहे’ असं कधी लिहिलं नाही.”

सुमनबाईंनी त्यांच्या हातात चहा दिला. मला त्या दिवशी मागावा लागला.

त्यानंतरच्या रविवारी मी ती वही आणि तिच्या आधीच्या वह्या घेऊन बसलो. प्रत्येक ‘मिटले’वर आडवी रेघ मारली आणि शेजारी ‘गैरहजर’ लिहिले. एकच शेरा ठेवला, पाटील बंधूंचा, कारण ते येऊन सांगून गेले होते. बाकीच्यांपैकी कोणाचे खरेच मिटले असेल. कोणाला त्या तीन दिवसांत कोंडले असेल, कोणाकडून सही घेतली असेल, कोणी माझ्या खात्रीकडे पाहून स्वतःचीच तक्रार किरकोळ ठरवली असेल. जे आले त्यांच्यावरून मी नियम तपासत होतो. जे आले नाहीत त्यांची गणती मी माझ्याच बाजूने केली.

नियम मी टाकून दिलेला नाही. इन्सुलिनवाले गृहस्थ मी विसरू शकत नाही. फक्त क्रम बदलला आहे. आता अर्ज त्याच दिवशी लिहितो, तारीख घालतो, सही घेतो आणि कागद त्यांच्याच हातात देऊन सांगतो, तीन दिवस घरी ठेवा, नको वाटला तर फाडा. आणि घरातल्या भांडणातही आधी विचारतो, शेवटचा दिवस कोणता.

सबब वरील अर्जदाराची विनंती अशी की :

सासूची क्ष-किरणांची फिल्म घेऊन आलेल्या आणि नवऱ्याचे नाव घालायचे नाही असे हळू सांगणाऱ्या बाई. वागळे इस्टेटमधून निवृत्त झालेले, अर्ज किती पानी होईल असे तीनदा विचारणारे गृहस्थ. भावाविरुद्ध लिहायला आलेली आणि शुक्रवारी कॉलेज बुडवता येणार नाही म्हणालेली मुलगी. आणि ज्यांना ज्यांना मी तीन दिवसांनी बोलावले व जे आले नाहीत, अशा सर्वांनी हे वाचल्यास कृपया कळवावे. मिटले असेल तर ‘मिटले’ एवढे सांगावे, मी तुमच्यासमोर लिहीन. मिटले नसेल तर कोणत्याही वारी यावे. कुसुमताईंच्या प्रकरणात जो काही निर्णय होईल तो माझ्या नावापुढे नोंदवून घेण्यास मी बांधील आहे.

टेबल तेच आहे. उत्तर मिळेपर्यंत तुमच्या नावासमोर ‘गैरहजर’च्या पुढची जागा कोरी ठेवली आहे.

कल्याण.
अर्जदाराची सही
(मधुकर तुकाराम भोईटे)